वाचक विचारतात : टीममागून टीम फिरणारा वाइड रिसीव्हर

गेल्या अंकात अमेरिकन फुटबॉलच्या छोट्या व्यावसायिक लीगांवर आणि त्यांत वर्षानुवर्षे टीम बदलत खेळणाऱ्या रिसीव्हरांवर लेख होता. क्वार्टरबॅक म्हणजे पास फेकणारा. लांब पळून त्याचा पास झेलणे हे रिसीव्हरचे काम. बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर इकडून बरेच प्रश्न आले. त्यांतले निवडक.

टिळकवाडीहून एक वाचक : एकेका रिसीव्हरची सहावी-सातवी टीम असते. खेळाडू चांगला असेल तर एका जागी टिकत का नाही? आणि पोट कसे भरतो?

टिकत नाही, कारण करारातच टिकण्याची सोय नसते. एनएफएल ही अमेरिकेतली सर्वांत मोठी लीग. तिच्या टीमच्या उन्हाळी छावणीत ९० खेळाडू असतात, मोसमाला ५३ उरतात. त्यांत रिसीव्हर पाच किंवा सहा. पहिल्या तिघांच्या जागा बहुधा ठरलेल्याच, म्हणजे खरी मारामारी दोन-तीन जागांसाठी. हुकलेल्यांतले काही प्रॅक्टिस स्क्वॉडवर, म्हणजे सरावापुरत्या राखीव तुकडीत राहतात. सामन्याच्या दिवशी त्यांना वर घेतले तरच मैदान दिसते. २०२४ मध्ये तिथला किमान पगार आठवड्याला १२,५०० डॉलर होता. आकडा मोठा वाटतो, पण करार टीमला वाटेल तेव्हा मोडता येतो. एखादा लाइनमन (पुढच्या फळीतला धिप्पाड खेळाडू) जायबंदी झाला आणि त्याच्या जागी माणूस हवा झाला की सामान आवरायला सांगतात ते सहाव्या रिसीव्हरला.

त्याखालचे आकडे वेगळे. २०२२ च्या यूएसएफएल या वसंतातल्या छोट्या लीगमध्ये सक्रिय खेळाडूला आठवड्याला ४,५०० डॉलर मिळत. मोसम १० सामन्यांचा, म्हणजे जेमतेम ४५,००० डॉलर, आणि त्यावर कर. कॅनडाच्या सीएफएलमध्ये २०२३ ला किमान वार्षिक पगार ७०,००० कॅनेडियन डॉलर होता. बंदिस्त सभागृहातल्या लीगांत सामन्यामागे काहीशे डॉलर आणि राहण्या-जेवणाची सोय, एवढ्यावर भागवावे लागते. म्हणून बरेच जण उरलेले महिने जिममध्ये ट्रेनर, शाळेत कोच किंवा गोदामात कामाला असतात. आपल्याकडे जत्रांच्या दिवसांत एका फडावरून दुसऱ्या फडावर इनामाच्या कुस्त्या करत फिरणारा पैलवान असतो, त्याच्याशी या माणसाचा हिशेब जुळतो.

वेळापत्रकही फिरायला लावते. वसंतातली लीग मार्चअखेर ते जून, कॅनडा जून ते नोव्हेंबर, एनएफएलची छावणी जुलैअखेर. जूनमध्ये दहा सामने संपवलेला रिसीव्हर चार-सहा आठवड्यांत पुन्हा पूर्ण वेगाने पळायला लागतो आणि मांडीचा मागचा स्नायू तिथेच धरतो. छावणीत पहिले दहा दिवस बाकावर बसलेल्या नवख्याला कोणी थांबून बघत नाही.

शिवाय लीगच बंद पडतात. अलायन्स ऑफ अमेरिकन फुटबॉल फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाली आणि दहापैकी आठ आठवडे खेळून एप्रिलमध्ये थांबली. २०२० ची एक्सएफएल पाच आठवड्यांत कोविडमुळे गुंडाळली. पुढे नव्याने उभी राहिलेली एक्सएफएल आणि यूएसएफएल २०२४ ला एकत्र येऊन यूएफएल झाली, तेव्हा निम्म्या टीम गेल्या आणि त्यांचे खेळाडू पुन्हा बाजारात उभे राहिले. मुरलेला खेळाडू करारात पगाराच्या आधी एक कलम वाचतो : दुखापत झाल्यावर उपचाराचा खर्च कोणाचा आणि किती दिवस.

वर जाणारे असतात, पण मोजके. कॅव्हॉन्टे टर्पिन २०२२ च्या यूएसएफएलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्याच वर्षी एनएफएलच्या डॅलस काउबॉइजने त्याला घेतले. मात्र घेतले ते मुख्यतः किक परतवण्यासाठी, म्हणजे समोरच्या टीमने पायाने मारलेला बॉल घेऊन उलट पळण्यासाठी. हा मुद्दा पुढच्या एका उत्तरात पुन्हा येईल.

निपाणीहून शारीरिक शिक्षणाचे शिक्षक : आठवी-नववीच्या मुलांना रग्बीच्या बॉलवर पास झेलायला शिकवतो. निम्मे बॉल छातीवर आपटून खाली पडतात. काय चुकते?

बहुतेक हात उशिरा निघतात. क्रिकेटच्या सवयीने मुले बॉल पोटाशी येऊ देतात. हा बॉल गोल नाही. टोकावर फिरत येतो आणि छातीवर आदळला की कुठेही उडतो. झेल शरीरापासून दूर, कोपर किंचित वाकवून, बोटांनी घ्यायचा.

बॉल छातीच्या वर असेल तर अंगठे आत. अंगठ्याला अंगठा आणि तर्जनीला तर्जनी जवळ आणून मधे बॉलचे टोक मावेल एवढी जागा ठेवायची. कमरेखाली असेल तर करंगळ्या एकत्र, तळवे वर. मुले अडकतात ती मधल्या पट्ट्यात, पोट ते छाती. तिथे हात कसे धरायचे हे ठरत नाही आणि बॉल निसटतो. यावर उपाय पायांचा : गुडघे वाकवून खाली जा म्हणजे बॉल छातीच्या वर येतो, किंवा बॉलकडे पाऊल टाका.

दुसरी चूक डोळ्यांची. बॉल बोटांना लागायच्या आधीच मुलगा पुढे कुठे पळायचे ते बघतो. बॉलवर मोठे आकडे लिहा आणि झेल घेताना दिसलेला आकडा मोठ्याने सांगायला लावा. आकडा चुकला तर तो झेल मोजायचा नाही. झेलल्यावर बॉल लगेच काखेशी : बोटे पुढच्या टोकावर, मग तळवा, हाताचा पुढचा भाग, दंड आणि बरगडी. या पाचांपैकी एक जागा सुटली की मागून आलेला हात बॉल उडवतो.

क्रम असा ठेवा : पहिला आठवडा गुडघ्यावर बसून ५ मीटरवरून झेल, प्रत्येकी ३० उजवीकडे आणि ३० डावीकडे. दुसऱ्या आठवड्यात उभे राहून एका हाताने टेनिस बॉल. पळत झेल तिसऱ्या आठवड्यापासून. पहिल्याच दिवशी पळवले तर मुले पुन्हा बॉल पोटाशी ओढू लागतात.

रग्बीचा बॉल झेलायला चालतो, फेकायला नाही. अमेरिकन बॉल लांबीला साधारण २८ सेंटिमीटर आणि वजनाला ३९७ ते ४२५ ग्रॅम. रग्बीचा पाच नंबर मधे त्याहून जाड असतो आणि त्याला फेकताना बोटे अडकवायची दोरी नसते. लहान हातात तो मावत नाही, म्हणून फेक डळमळते आणि दोष मात्र झेलणाऱ्याला लागतो. बारा वर्षांच्या आतल्या मुलांना लहान आकाराचाच बॉल द्या.

खानापूरहून बारावीचा विद्यार्थी : माझी उंची ५ फूट ८ इंच. शाळेत १०० मीटर ११.६ सेकंदांत पळालो. मी रिसीव्हर होऊ शकतो का?

उंचीने अडत नाही. मैदानाच्या मधल्या बाजूला खेळणारे स्लॉट रिसीव्हर बरेचदा याच उंचीचे असतात. पण तुझी वेळ हातातल्या घड्याळावरची असेल, तर ती इलेक्ट्रॉनिकपेक्षा साधारण ०.२ सेकंदाने कमी दिसते, हे आधी धरून चाल. ट्रायआउटला, म्हणजे निवड चाचणीला १०० मीटर कोणी बघत नाही. ४० यार्ड, म्हणजे ३६.५८ मीटर पळवतात. रिसीव्हरची तिथे ४.४ ते ४.५ सेकंद अपेक्षा असते. धावपटूला सुरुवातीचे ब्लॉक मिळतात, तिथे ते नसतात. मग ५-१०-५ : मधून ५ यार्ड एका बाजूला, परत १० यार्ड दुसऱ्या बाजूला, पुन्हा ५ यार्ड मधे. सरळ रेषेतला वेग असलेली मुले इथे उघडी पडतात, कारण त्यांना थांबता येत नाही.

आणि थांबणे हेच या कामाचे मर्म. १० यार्डांचा ‘आउट’ घे, म्हणजे १० यार्ड सरळ पळून बाहेरच्या कडेकडे वळणे. उभे राहताना आतला, म्हणजे मैदानाच्या मध्याकडचा पाय पुढे, वजन बहुतेक त्याच पायावर. बॉल सुटला, म्हणजे क्वार्टरबॅककडे मागे देऊन खेळ सुरू झाला, की मागचा पाय पुढे पडला पाहिजे. नवखे आधी पुढचा पाय उचलून मागे टाकतात आणि अर्धे पाऊल तिथेच गमावतात. मग सरळ, पूर्ण वेगाने, खांदे गुडघ्यांच्या रेषेत ठेवून. समोरच्या बचावपटूला तू लांब पळणार असेच वाटले पाहिजे. वळणाआधीच्या दोन-तीन पावलांत कंबर खाली, आतला पाय रोवायचा, आधी डोके फिरवायचे आणि बाहेर निघायचे. आत वळायचे असेल तर बाहेरचा पाय रोवायचा. वळणाआधी छाती वर उचलली की बचावपटूला तिथेच कळते. वळल्यावर पुढे सरकत गेलास तर तो तुझ्या आणि बॉलच्या मधे घुसतो आणि पास पळवतो. म्हणून बाहेर निघताना किंचित मागे, बॉलकडे यायचे. मैदानावर १० यार्डांवर, म्हणजे ९ मीटर १४ सेंटिमीटरवर फक्कीची रेघ मार आणि मोबाइलवर बाजूने चित्रण कर. आठ यार्डांतच वळणारी मुले आपण दहा पूर्ण केले असे छातीठोक सांगतात.

आता टर्पिनचा मुद्दा. चौथ्या-पाचव्या रिसीव्हरची जागा पासवर मिळत नाही, किकच्या खेळात मिळते : किक परतवणे, किंवा पंट झाल्यावर, म्हणजे आपल्या टीमने बॉल पायाने लांब मारून समोरच्यांना दिल्यावर, सर्वांत आधी धावत जाऊन परतवणाऱ्याला पाडणे. मॅथ्यू स्लेटरची नोंद रिसीव्हर म्हणून होती. तो २००८ पासून १६ मोसम एनएफएलच्या न्यू इंग्लंड टीमकडे टिकला आणि त्यात त्याने पास झेलला एकच, ४६ यार्डांचा. टॅकल करायला, म्हणजे समोरच्याला धरून पाडायला नको म्हणणारा फिरता रिसीव्हर लवकर घरी बसतो.

परदेशी मुलांचे उदाहरण हवे असेल तर जर्मनीचा मॉरिट्झ ब्योरिंगर बघ. २०१६ मध्ये एनएफएलच्या मिनेसोटा व्हायकिंग्जने त्याला ड्राफ्टच्या (नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेऱ्यांच्या) सहाव्या फेरीत निवडले, पण नियमित मोसमातला एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. जर्मनीत क्लब होते, लीग होती, तरी ही गत. आपल्याकडे २०१२ मध्ये एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया निघाली, त्यात पुणे मराठाज नावाची टीमही होती, पण त्यावर कोणाचा संसार उभा राहिला नाही.

तुझ्यासाठी जवळची वाट फ्लॅग फुटबॉलची. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात हा खेळ २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी मंजूर झाला. पाच विरुद्ध पाच, अंगाला अंग लावायचे नाही. बॉल असलेल्याच्या कमरेच्या पट्टीवरची फीत ओढली की तो खेळ तिथेच थांबतो. मैदान ५० बाय २५ यार्ड आणि दोन्ही टोकांना १०-१० यार्ड, म्हणजे एकूण सुमारे ६४ बाय २३ मीटर. शाळेच्या पटांगणात बसते. पाचही जणांना पास झेलता येतो, त्यामुळे रिसीव्हरचा सराव इथेच सर्वांत जास्त होतो. कबड्डीतला पदन्यास येत असेल तर निम्मे काम झाले. आणि बारावीनंतरचे शिक्षण सोडू नकोस. अमेरिकेतले खेळाडूही या लीगांत पोचतात ते कॉलेजातून.

संकेश्वरहून एक पालक : एका एजंटाने मुलाला अमेरिकेतल्या छोट्या लीगच्या ट्रायआउटला नेतो म्हणून तीन लाख मागितले आहेत. आमंत्रणपत्र दाखवतो. द्यावेत का?

देऊ नका. छोट्या लीगांचे ट्रायआउट खुले असतात, पैसे भरेल त्याला बोलावतात. शुल्क साधारण शंभर डॉलरच्या आसपास. म्हणजे आमंत्रणपत्र ही निवड नव्हे, पावती आहे.

पगार घेऊन खेळायचे तर पर्यटक व्हिसा चालत नाही. खेळाडूंचा पी-१ए व्हिसा आंतरराष्ट्रीय पातळीवर नाव असलेल्यांसाठी असतो आणि त्याचा अर्ज अमेरिकेतून टीम किंवा तिचा प्रतिनिधी करतो, खेळाडू नाही. एजंटाला एवढेच विचारा : अर्ज कोणती टीम भरणार आणि तिचा सही केलेला करार कुठे आहे? खरा एजंट खेळाडूला पगार मिळाल्यावर त्यातून टक्केवारी घेतो. एनएफएल करारांवर ती जास्तीत जास्त ३ टक्के. आधी पैसे मागतो तो खेळाडूचा एजंट नाही, प्रवास कंपनी आहे.

तोवर मुलाची चित्रफीत तयार ठेवा. तीन-चार मिनिटे, त्यातले सर्वांत चांगले दहा खेळ आधी, प्रत्येक खेळाच्या सुरुवातीला मुलावर खूण. गाणे नको, संथ गती नको. दोन-तीन खेळ तो दुसऱ्यासाठी ब्लॉक करतानाचे, म्हणजे बचावपटूला अडवतानाचे घाला. सोबत एक पूर्ण सामना कापाकापी न करता द्या, कारण कोच तोच मागतात.

अनगोळहून : कॅनडात आणि सभागृहातल्या खेळात रिसीव्हरला काय वेगळे?

कॅनडात ११० बाय ६५ यार्डांचे मैदान, १२ खेळाडू आणि १० यार्ड पुढे सरकायला तीनच प्रयत्न. रिसीव्हरला बॉल सुटण्याआधी पुढे पळत सुटता येते, म्हणून बचावपटू मागेच उभा राहतो. झेल घेताना एक पाय मैदानाच्या रेघेच्या आत असला तरी पुरतो. एनएफएलला दोन्ही लागतात. सराव दोन्ही पायांचाच करा. लीगने २०२७ पासून मैदान १०० यार्डांचे करायचे जाहीर केले आहे.

सभागृहातला खेळ म्हणजे एरिना फुटबॉल, १९८७ पासूनचे. मैदान फक्त ५० यार्ड लांब आणि ८५ फूट रुंद, टीममध्ये आठ जण, कडेला गादीची भिंत. तिथे कडेने पळताना बॉल आणि भिंत दोन्ही एका नजरेत ठेवावी लागतात. गुण भरपूर होतात, पण त्या आकड्यांवर मोठ्या लीगचे कोच भाळत नाहीत.

हल्याळहून एक आई : डोक्याला मार लागला तर?

त्या दिवशी पुन्हा खेळायचे नाही, मुलगा ‘बरा आहे’ म्हणाला तरी. २४ ते ४८ तास विश्रांती, मोबाइल कमी. मग पायरीपायरीने : चालणे, हलके पळणे, बॉलसह सराव, डॉक्टरांच्या परवानगीनंतरच धक्काबुक्की. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस, आणि त्रास वाढला तर एक पायरी मागे. उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, फिट किंवा बाहुल्या लहान-मोठ्या दिसल्या तर घरी थांबू नका, थेट मोठे रुग्णालय गाठा.

जांबोटीहून : पावसात हातमोजे कामाचे का?

मोज्यांच्या तळव्याला सिलिकॉनचा चिकट थर असतो. कोरड्यात तो छान धरतो, तांबड्या चिखलात दहा मिनिटांत लिंपून जातो. ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवलेत तर थर कडक होऊन सुटतो. जून ते सप्टेंबर शाळेच्या व्हरांड्यात मोज्यांशिवाय टेनिस बॉलचे झेल घ्या आणि नवी जोडी दिवाळीनंतर घ्या.