टायगरच्या मागे लागू नकोस, आधी बटालियन समजून घे

प्रिय मित्रा,

तुझं टिपण काल रात्री बसून पूर्ण वाचलं. मेहनत दिसतेय. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन टायगर टँकचं वजन 57 टन, तोफ 88 मिमीची, पुढचं चिलखत 100 मिमी, सगळं बरोबर आहे. पण शेवटपर्यंत वाचूनही हे कळलं नाही की हा टँक लढायला जायचा कोणाबरोबर, त्याला पेट्रोल कोण आणून द्यायचं आणि शेतात बंद पडला तर ओढून कोण न्यायचं. जर्मन टँक समजून घ्यायचे तर एकेकटा टँक नाही, बटालियन, म्हणजे तो ज्या मोठ्या तुकडीत असायचा ती वाचायची, माझं एवढंच म्हणणं आहे.

सुरुवात टरेटवरच्या, म्हणजे टँकच्या फिरत्या बुरुजावरच्या आकड्यापासून कर. इंग्लंडमध्ये बोव्हिंग्टनच्या म्युझियममध्ये टायगर 131 आहे, एप्रिल 1943 मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांच्या हाती लागलेला. त्यातला पहिला 1 म्हणजे बटालियनमधली पहिली कंपनी, 3 म्हणजे त्या कंपनीतला तिसरा प्लाटून आणि शेवटचा 1 म्हणजे त्या प्लाटूनमधला पहिला टँक, प्लाटून कमांडरचा. बटालियन 504 नंबरची. बघ, एका आकड्यात अख्खी रचना आली की नाही! सुरुवातीला या बटालियन मिश्र असायच्या, थोडे टायगर आणि सोबतीला पँझर 3 नावाचे हलके टँक. मार्च 1943 पासून नवीन रचना आली, 4 टँकचा प्लाटून, असे 3 प्लाटून आणि कंपनी कमांडरकडे 2, म्हणजे कंपनीत 14, अशा 3 कंपन्या आणि हेडक्वार्टरचे 3, एकूण 45.

आता हे 45 कागदावरचे. जुलै 1943 ला सोव्हिएत रशियात कुर्स्कच्या लढाईत दक्षिण बाजूला 503 नंबरच्या बटालियनचं काय झालं ते नीट वाच, कारण मला वाटतं सगळा विषय तिथे उलगडतो. बटालियन एकत्र वापरायची, एका ठिकाणी जोर लावायचा, हा तिचा सगळा उद्देश, पण वरून ऑर्डर आली आणि तिन्ही कंपन्या तीन वेगळ्या पँझर (म्हणजे टँकच्या) डिव्हिजनना वाटून टाकल्या, 6, 7 आणि 19 नंबरच्या. बटालियनच्या कमांडरला ते अजिबात पटलं नव्हतं. पहिल्याच दिवशी एका कंपनीचे 14 पैकी 13 टायगर लढाईतून बाद झाले, त्यातले 9 नुसत्या सुरुंगांमुळे, आणि त्यात जर्मनांनी स्वतःच पेरलेले सुरुंगही होते, ज्यांचे धड नकाशे कोणाकडे नव्हते. 100 मिमीच्या चिलखताचा काय उपयोग झाला सांग? टँक जळून गेले नव्हते, ट्रॅक (चाकांवरचे लोखंडी पट्टे) आणि चाकं तुटली होती, दुरुस्त होण्यासारखे होते, पण त्याला दोन-तीन दिवस लागणार, आणि तेवढ्यात लढाई पुढे निघून जाते.

म्हणून बटालियनच्या वर्कशॉप कंपनीवर, म्हणजे टँक ओढून आणून दुरुस्त करणाऱ्यांवर, स्वतंत्र प्रकरण लिही, प्लीज. एक टायगर ओढायला 18 टनी फामो हाफट्रॅक (पुढे चाकं, मागे ट्रॅक असलेल्या ओढगाड्या) दोन-तीन लागायचे. रेल्वेने न्यायचा तर 725 मिमी रुंद ट्रॅक काढायचे, 520 मिमीचे अरुंद चढवायचे, बाहेरची चाकंही उतरवायची, नाहीतर टँक वॅगनच्या बाहेर येतो, आणि उतरल्यावर परत सगळं उलटं. थंडीत, चिखलात हे काम करणाऱ्या माणसांचं नाव कुठल्या पोस्टरवर येत नाही, पण बटालियन त्यांच्यावरच उभी होती.

मागचा इतिहासही थोडा घाल. पहिल्या महायुद्धात जर्मनीने ए7व्ही टँक फक्त 20 बनवले, मग 1919 च्या व्हर्सायच्या तहाने टँकवर बंदी, तरी 1929 ते 1933 सोव्हिएत रशियात कझानजवळ गुपचूप ट्रेनिंग चाललं. 1935 ला पहिल्या तीन पँझर डिव्हिजन उभ्या राहिल्या, प्रत्येकीत 4 टँक बटालियन. फ्रान्स जिंकल्यावर हिटलरने डिव्हिजनची संख्या 10 वरून 20 केली, पण टँक काही तेवढे वाढले नाहीत, म्हणजे प्रत्येक डिव्हिजनच्या बटालियन कमी झाल्या, आणि तसंच रशियात घुसले. हे लोकांना माहीतच नसतं.

अजून एक, आणि हे मनापासून सांगतोय. 'अमक्याने इतके टँक उडवले' या याद्यांमध्ये अडकू नकोस. त्यातले बरेच हिरो नाझी प्रचारखात्याने मोठे केले, काही तर थेट एसएसच्या, म्हणजे नाझी पक्षाच्या सशस्त्र संघटनेच्या बटालियनचे होते. ही रचना ज्या युद्धासाठी उभी केली त्यात लाखो निरपराध माणसं मारली गेली, ते तुझ्या टिपणात कुठेच नाहीये आणि ते असायला हवं, तळटीपेत नाही, मुख्य मजकुरात.

आजच्या जर्मन सैन्याबद्दल एक परिच्छेद पुरे, त्यांचा लेपर्ड 2 टँक आणि जर्मनीतल्या ऑगस्टडॉर्फची 203 नंबरची टँक बटालियन, जी लिथुआनियातल्या नव्या ब्रिगेडसाठी ठरली आहे.

सुट्टीत जमलं तर नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियमला जाऊन ये. दुसऱ्या महायुद्धातले टँक तिथे उभे आहेत, ट्रॅकची एक कडी जवळून बघ म्हणजे वरचं वर्कशॉपचं बोलणं पटेल.

पुढचा ड्राफ्ट पाठवशील तेव्हा 503 चा जुलै 1943 चा दिवसवार तक्ता कर, रकाने तीनच, मंजूर किती, हजर किती आणि त्या दिवशी खरंच चालू किती. तिसरा रकाना भरायला वेळ लागेल, लागू दे, अडलास तर फोन कर.

तुझा,
काका