स्वतःची वही

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

ध्वनिमुद्रण हाताशी असताना दृष्टिहीन गाणाऱ्याने ब्रेलमध्ये स्वरलेखन कशासाठी शिकावे, असे तू विचारले आहेस. आपली विद्या गुरुमुखी आहे आणि तुझा कान उत्तम आहे, हे मला मान्य आहे. तरीही ज्याच्या नावाने ही लिपी ओळखली जाते, तो लुई ब्रेल स्वतः व्यवसायाने संगीतकारही होता, हे तू ध्यानात घ्यावेस असे मला वाटते.

खोगीर बनवणाऱ्या वडिलांच्या कारखान्यात खेळताना तिसऱ्या वर्षी त्याच्या डोळ्याला इजा झाली आणि पुढे दोन्ही डोळे गेले. १८१९ मध्ये तो पॅरिसच्या अंधशाळेत दाखल झाला. तिथे उठावाच्या रोमन अक्षरांची जाडजूड पुस्तके होती. ती चाचपत वाचता येत, पण मुलांना स्वतःच्या हाताने काही लिहिता येत नसे. (आपल्यातल्या किती जणांची आजही हीच स्थिती आहे!) शार्ल बार्बिए या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याची बारा टिंबांची पद्धत शाळेत आली, तेव्हा ती एका बोटाखाली मावत नाही आणि तिच्यात संगीत लिहिण्याची सोय नाही, हे लुईने ओळखले. पंधराव्या वर्षी त्याने सहा टिंबांची लिपी सिद्ध केली आणि १८२९ मध्ये ती प्रसिद्ध केली, तेव्हा त्या पुस्तकाच्या शीर्षकातच शब्दांच्या बरोबरीने संगीताचा उल्लेख होता. आज रूढ असलेल्या ब्रेल संगीतलेखनात वरच्या चार टिंबांवरून स्वर कळतो आणि खालच्या दोन टिंबांवरून त्याची लांबी कळते.

पॅरिसमधील चर्चमध्ये तो ऑर्गन वाजवत असे. त्या वाद्यावर दोन्ही हात आणि पाय गुंतलेले असतात, म्हणजे वाजवताना वाचणे अशक्यच. आधी बोटांनी वाचायचे, पाठ करायचे, मग वाजवायचे. लेखनामुळे स्मरणशक्ती आळसावते, ही तुझी शंका म्हणूनच मला पटत नाही. त्याच्या शाळेने ही लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती १८५४ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी.

माझ्या तरुणपणी मी चिजा एका डोळस मित्राकडून वहीत उतरवून घेत असे. तो नोकरीसाठी परगावी गेला आणि जवळजवळ दोनशे चिजांची ती वही माझ्या कपाटात असूनही मला पारखी झाली. ध्वनिमुद्रण गुरूंचा आवाज जपते, याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण अंतऱ्यातील एखादी जागा मात्रेच्या नेमक्या कोणत्या भागावर पडते, हे लिहायला बसल्याशिवाय मला कधीच नीट उमगले नाही.

आपली चीज लिहिताना भारती ब्रेलमधील, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या ब्रेलमधील, सा, रे, ग हीच अक्षरे घे. सप्तकांच्या आणि मात्रांच्या खुणा आपण दोघे मिळून ठरवू. रविवारी येताना भूपाची ती मध्यलयीची चीज, निदान स्थायीपुरती, तुझ्या हाताने उतरवून आण. मी ती माझ्या बोटांनी तपासेन.

तुझा,
गुरुजी