शोकांतिका, शोकात्मिका आणि बोकड

‘शोकांतिका’ आणि ‘शोकात्मिका’ यांतला बरोबर शब्द कोणता, असं एका वाचकाने विचारलंय. शिवाय ‘पाच वर्षं झाली तरी पूल अर्धाच, ही मोठी शोकांतिका आहे’ हे वाक्य चालेल का, असंही.

नाही चालणार. अर्धा पूल हा ढिसाळपणा. बातम्या देणाऱ्यांनी हा शब्द इतका झिजवलाय, की उद्या आमटीत मीठ कमी पडलं तरी शोकांतिका होईल.

शोकांतिका म्हणजे जिच्या अंती शोक ती. पण ज्या अथेन्सच्या नाटकांवरून हे सगळं सुरू झालं, त्यांतली कितीतरी शोकात संपतच नाहीत. इस्किलसचं ‘युमेनिडीज’ घ्या, इ.स.पू. ४५८ चं. आईचा खून केलेल्या ओरेस्टीसवर खटला चालतो, मतं समसमान पडतात, अथेना त्याच्या बाजूने असते आणि तो सुटतो. त्याच्या मागे लागलेल्या सूडदेवता शेवटी अथेन्सच्या रक्षक होऊन मिरवणुकीने जातात. तरी ती ट्रॅजेडीच! तेव्हा ‘शोकात्मिका’ त्यातल्या त्यात बरा.

पण खरी गंमत ट्रॅजेडीच्या मूळ ग्रीक शब्दात आहे. ‘त्रागोदिया’. ‘त्रागोस’ म्हणजे बोकड, ‘ओदे’ म्हणजे गाणं. बोकडगाणं! शोकाचा मागमूसही नाही.

बोकड आला कुठून? कवी होरेस म्हणतो, नाटकांच्या स्पर्धेत बोकड बक्षीस असायचा. हा होरेस ट्रॅजेडीचा आद्य नाटककार मानल्या जाणाऱ्या थेस्पिसनंतर पाचशे वर्षांनी, तोही रोमन. पॅरोस बेटावरचा शिलालेखही तेच सांगतो, पण तोही पावणेतीनशे वर्षांनंतरचा. आणि बक्षिसावरून कलेला नाव? कुस्तीत चांदीची गदा मिळते म्हणून कुस्तीला कोणी ‘गदाखेळ’ म्हणत नाही. दुसरे पंडित सॅटरांकडे, म्हणजे अर्धे माणूस-अर्धे बोकड समजल्या जाणाऱ्या रानदेवांकडे बोट दाखवतात. अहो, त्या काळच्या अथेन्सच्या भांड्यांवर सॅटरांना शेपट्या घोड्याच्या आहेत!

मला पटतं ते जॉन विंकलर यांनी १९८५ मध्ये मांडलेलं. ग्रीकमध्ये ‘त्रागिझेइन’ असं एक क्रियापद आहे. वयात येणाऱ्या मुलाचा आवाज चिरकतो, घोगरा होतो, त्याला ते लावत. अ‍ॅरिस्टॉटलने प्राण्यांवरच्या ग्रंथात याची नोंद केलीय. आपण ‘कंठ फुटला’ म्हणतो, ते म्हणत ‘बोकडावला’. विंकलरच्या मते कोरसमध्ये नाचणारी पोरं नुकतं मिसरूड फुटलेली, लष्करी शिक्षणाच्या वयाची होती. म्हणजे बोकडगाणं हे कंठ फुटलेल्या पोरांचं गाणं. पुरावा तोकडा आहे, असं बरेच जण म्हणतात. म्हणोत. आपल्या संगीत नाटकांत स्त्रीपार्ट करणाऱ्या पोराचा कंठ फुटला की मालकाच्या पोटात गोळा यायचा; अथेन्सवाल्यांनी त्याच फुटक्या कंठाचं नाव अख्ख्या कलेला दिलं, ही कल्पनाच मला सोडवत नाही.

आणि आजच्या ग्रीकमध्ये याच शब्दापासून झालेला ‘त्रागूदी’ म्हणजे काय? नुसतं गाणं. लग्नातलंही त्रागूदीच. कानाच्या भोकापुढचा जो छोटा उंचवटा, त्याला डॉक्टर ‘ट्रॅगस’ म्हणतात, कारण तिथे वय झालेल्या पुरुषांना बोकडाच्या दाढीसारखे केस येतात. तोही हाच बोकड.

हां, तो पूल. ‘नामुष्की’ लिहा.