अलाइनर आणि दातामध्ये फट दिसते आहे. ठरल्या तारखेला पुढची ट्रे घालू का?

तुम्ही लिहिलंय की राहता देवगडला, डॉक्टर रत्नागिरीत, अलाइनरची, म्हणजे दात सरळ करायला एकामागून एक घालायच्या पारदर्शक प्लास्टिकच्या ट्रेंपैकी सहावी ट्रे चालू आहे आणि उद्या सातवी घालायची तारीख आहे. पण वरच्या डाव्या सुळ्याच्या अलीकडच्या (समोरच्या बाजूच्या) दाताखाली ट्रे पोकळ दिसते, आणि एवढ्यासाठी जाऊन-येऊन दिवस मोडायचा का, हा प्रश्न आहे.

उद्या सातवी घालू नका. तारीख अंदाजाने दिलेली असते, दात तिथवर पोचला की नाही हे ती फट सांगते.

आधी फट नीट बघा. खिडकीशी उभं राहा, ओठ वर ओढा आणि मोबाइलने जवळून फोटो काढा. ट्रे बसलेली असेल तिथे प्लास्टिक दाताला चिकटल्यासारखं दिसतं. बसलेली नसेल तिथे दाताच्या कडेखाली अर्धचंद्रासारखी पोकळी दिसते आणि तिच्यात थुंकीचा बुडबुडा हलतो. मापासाठी एटीएम कार्डाची जाडी डोळ्यांसमोर ठेवा, ती साधारण पाऊण मिलिमीटर असते (कार्ड तोंडात घालायचं नाही, नुसता अंदाज). फट कार्डाच्या निम्म्याहून कमी असेल तर बहुतेक वेळा घरी आटोक्यात येते. कार्डाएवढी किंवा जास्त असेल तर आजच फोटो पाठवून डॉक्टरांना विचारा.

सगळ्याच दातांखाली सारखी फट असेल तर दोष दाताचा नाही. ट्रेवर कोरलेला नंबर बघा, वरची-खालची खूण बघा. डब्यांची अदलाबदल वाटते त्यापेक्षा जास्त होते.

तुमचाच दात मागे का राहिला? एक ट्रे दाताला जेमतेम पाव मिलिमीटर हलवते. दाताच्या मुळाभोवतीच्या पडद्याची जाडीही साधारण तेवढीच, म्हणून पाऊल एवढं लहान. सुळ्याच्या अलीकडचा वरचा दात लहान आणि गुळगुळीत. तो खाली ओढायचा असेल तर प्लास्टिक त्याच्यावरून ओल्या साबणासारखं निसटतं. म्हणून त्याच्यावर दाताच्याच रंगाचा उंचवटा, म्हणजे अटॅचमेंट चिकटवतात. प्रत्येक ट्रेला तो पूर्ण पाव मिलिमीटर मागे पडत गेला तर तीन ट्रेंनंतर पाऊण मिलिमीटरची फट होते, आणि मग ट्रेची त्या दातावर पकडच राहत नाही. अशा वेळी सातवी घातली तर शेजारचे दात पुढे जातात, हा तिथेच राहतो, आणि ज्या जागेत तो यायचा तीही आवळत जाते.

आता अटॅचमेंट तपासा. ट्रे काढून त्या दातावरून बोट फिरवा. उंचवटा लागायला हवा. दात गुळगुळीत लागला आणि ट्रेत मात्र त्या जागी खोबण असेल, तर अटॅचमेंट पडलीय. मग कितीही चावलंत तरी फट जाणार नाही.

ती शाबूत असेल तर सहावीच आणखी चार ते सात दिवस ठेवा, पण घालायची पद्धत सुधारून. आधी समोरचे दात, मग दोन्ही बाजूंनी बोटांच्या पेराने दाबत दाढांकडे जा. चावून ट्रे बसवू नका. त्याने मागची कड तडकते आणि अटॅचमेंटही उडते. हाताने बसली की च्युई, म्हणजे ट्रे बसवायला चावायची मऊ रबरी नळी, घ्या. ती मागे राहिलेल्या दाताखाली आडवी धरून आठ-दहा सेकंद दाबा, सोडा, पुन्हा दाबा. दर वेळी ट्रे घातल्यावर पाच मिनिटं आणि झोपण्याआधी दहा. च्युई हरवली असेल तर दवाखान्यातली कापसाची गुंडाळी तात्पुरती चालते, पेन्सिल किंवा सुपारी नाही. काढताना शेवटच्या दाढेपाशी आतल्या बाजूने नखाने उचला, मग दुसरी बाजू, समोरचा भाग शेवटी. एकाच बाजूने ओढलीत की ट्रेला पीळ बसतो.

दिवसाचे बावीस तास हे खरोखर बावीस हवेत. आपल्याकडे ते मोडतात जेवणात. काटे काढत बांगडा खायला तसाही वेळ लागतो, वर चहा, मग गप्पा. ट्रे बाहेर ठेवायला सगळे मिळून दोनच तास आहेत. ट्रे घालून फक्त साधं गार पाणी प्यायचं. गरम चहाने प्लास्टिक ढिलं होतं आणि साखर ट्रेत साचून दात किडतो. सोलकढी आणि कोकम सरबत आंबट, त्यात डाग पाडणारी, तेव्हा ट्रे काढूनच. हळदीचं कालवण जेवून चूळ न भरता ट्रे घातलीत की ती दोन दिवसांत पिवळी. हापूसची फोड सोपी, पण रायवळ चोखलात तर धागे अटॅचमेंटला गुंडाळतात. ते ब्रशने काढल्याशिवाय ट्रे पूर्ण बसत नाही, आणि माणसाला वाटतं दातच हलला नाही.

ट्रे गार पाण्याने, मऊ ब्रशने, हलक्या साबणाने धुवा. टूथपेस्टने चरे पडतात. गरम पाण्यात बुडवून ‘सैल करून’ बसवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, एकदा आकार बदलला की ती ट्रे वाया. मे महिन्यात डबी गाडीच्या काचेमागेही ठेवू नका. पाचवी ट्रे टाकू नका, मागे जायची वेळ आली तर तीच लागेल.

रोज एकाच जागी उभं राहून फोटो काढा. फट मिटत गेली तर डॉक्टरांना दाखवून सातवी घाला. सात दिवसांत काहीच फरक नसेल तर प्रत्यक्ष जावंच लागेल. तिथे एक ट्रे मागे घेतील किंवा नव्याने स्कॅन करून पुढच्या ट्रे बनवतील.

अटॅचमेंट पडली असेल तर मात्र सात दिवस थांबू नका. ती पुन्हा लावणं थोड्याच वेळाचं काम आहे, पण त्यासाठी तुमच्या दातांवर बेतलेला अटॅचमेंट चिकटवायचा साचा लागतो आणि तो दर वेळी दवाखान्यात असतोच असं नाही. म्हणून एसटी धरण्याआधी तीन फोटो पाठवा: ट्रे घालून समोरून, ट्रे घालून डावीकडून, आणि ट्रे काढून त्या एकाच दाताचा. सोबत विचारून घ्या की साचा ठेवलाय का. नाहीतर फक्त तेवढ्यासाठी दुसरी खेप पडते.