हवामानशास्त्रज्ञ होऊन वादळाच्या तडाख्यात सापडणाऱ्यांसाठी प्रत्यक्ष काही करता येतं, की नुसते अंदाजच वर्तवायचे?

येतं की! उपग्रहाची चित्रं वाचणं हा निम्माच भाग. ‘ताशी १२० किलोमीटर वेगाचे वारे’ ऐकून पत्र्याच्या घरातला माणूस हलत नाही. ‘छप्पर उडेल, अंधार पडायच्या आत निवाऱ्यात जा’ म्हटलं की उठतो. (तेही गुरांची सोय सांगितली तरच!) १९७० मध्ये आजच्या बांगलादेशावर आदळलेल्या भोला चक्रीवादळात ३ लाखांच्या आसपास किंवा त्याहून जास्त माणसं गेली. त्यानंतर १९७२ मध्ये बांगलादेशाने किनाऱ्यावर स्वयंसेवकांची फळी उभारली. इशारा आला की ते आजही मेगाफोन घेऊन वस्त्यांमधून फिरतात. त्यांच्यापर्यंत नेमका, सोप्या शब्दांतला इशारा वेळेत पोहोचवणं, हे तुमचं काम. त्यामुळे भौतिकशास्त्र आणि गणित पक्कं कराच, पण लोकांशी बोलायलाही शिका. आणि वादळाने दिशा बदलली की शिव्या खायची तयारी ठेवा.