वाचकांचे प्रश्न : गॅलाहर लबाड होता का?

प्रश्न : मी नोकरीनिमित्त गेंटला राहतो. मागच्या महिन्यात पोपेरिंगेजवळच्या नाइन एल्म्स दफनभूमीत न्यूझीलंडचा जुना रग्बी कप्तान डेव्ह गॅलाहर याची कबर पाहिली. दगडावर वय 41 कोरलंय. जन्म 1873 चा आणि मृत्यू 1917 चा, मग हे कसं? ऑफिसातला एक वेल्श सहकारी म्हणतो, हा गडी लबाडीने खेळायचा. आणि भाऊ मारला गेला म्हणून सूड घ्यायला तो पहिल्या महायुद्धावर गेला, हे खरं का?
– एक वाचक, गेंट (बेल्जियम)

उत्तर : लबाडीचं आधी घेतो, कारण तो शब्द मला लागला. बावीस वर्षं मी मुंबईत रग्बीचा रेफरी होतो. भर पावसात, बॉम्बे जिमखान्याच्या चिखलात, ढिगाखाली चेंडू कुणाकडे आहे हेही दिसत नसताना शिट्टी वाजवलीय. नियमात बसतं पण समोरच्याला खुपतं, असा खेळ मी पुष्कळ पाहिलाय. गॅलाहरचा खेळ त्यातलाच.

त्या काळी ब्रिटनमध्ये आठही फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीचे खेळाडू, स्क्रममध्ये (चेंडूसाठी दोन्ही संघांनी वाकून, एकमेकांना धरून केलेल्या रेटारेटीत) शिरत, आणि जो आधी पोचेल तो पुढच्या रांगेत. न्यूझीलंडवाले सातच जण घालत, दोन-तीन-दोन अशा रांगांत, प्रत्येकाची जागा ठरलेली. आठवा बाहेर. तो विंग-फॉरवर्ड म्हणजे गॅलाहर. चेंडू स्क्रममध्ये तोच टाकायचा आणि मग स्क्रमला लागून उभा राहायचा. समोरच्या हाफबॅकला, म्हणजे स्क्रममागे उभ्या खेळाडूला, त्याला वळसा घालूनच यावं लागे, तोवर चेंडू मागच्या फळीकडे निघालेला असे. प्रेक्षक हुर्यो उडवत, वर्तमानपत्रं त्याला फसवा म्हणत. स्क्रमला धरून उभा असेल तर तो खेळ, सुटून आडवा आला तर अडथळा. फरक अर्ध्या पावलाचा. त्याचं पाऊल कधी चुकलंही असेल, त्याच्याविरुद्ध पेनल्टीही दिल्या गेल्या. पण ही जागा तेव्हाच्या नियमांत बसत होती. स्क्रमच्या पुढच्या रांगेत तीन जण हवेतच, हा नियम 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला आला आणि विंग-फॉरवर्ड संपला. तोवर गॅलाहरला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

शिवाय त्याच्या कप्तानीखाली न्यूझीलंडने केलेल्या 1905-06 च्या ब्रिटन दौऱ्याचे आकडे बघा. 35 सामने, 34 विजय, 976 गुण केले आणि दिले फक्त 59. पहिल्याच सामन्यात डेव्हनला 55-4 असं हरवलं. एक माणूस आडवा उभा राहिला म्हणून 976 गुण होत नाहीत. हरले ते एकदाच, 16 डिसेंबर 1905 ला कार्डिफमध्ये वेल्सकडून, 0-3. त्या दिवशी रेफरी स्क्रममध्ये न्यूझीलंडविरुद्ध वारंवार पेनल्टी देत होता, तेव्हा गॅलाहरने आपल्या लोकांना चेंडूसाठी झगडूच नका असं सांगितलं. चेंडू सरळ वेल्सला जाऊ दिला. तुमच्या वेल्श सहकाऱ्याला हे नक्की सांगा.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. दौऱ्यावर निघालेल्या बोटीवर काही खेळाडू कुरकुरू लागले, की कप्तान रग्बी संघटनेने लादला, आम्हाला विचारलं नाही. गॅलाहरने तिथल्या तिथे पद सोडायची तयारी दाखवली. उपकप्तान बिली स्टेडनेही. मतदान झालं, 29 पैकी 17 जण त्यांच्या बाजूने उभे राहिले. हा माणूस तेव्हा ऑकलंडच्या मांस गोठवणाऱ्या कंपनीत फोरमन होता. तेराव्या वर्षी शाळा सुटलेली, आई पुढच्या काही काळात वारलेली. लबाड माणूस कप्तानपद असं सहकाऱ्यांपुढे ठेवून मोकळा होत नाही.

आता वय. जन्म 30 ऑक्टोबर 1873, आयर्लंडमधल्या रॅमेल्टन गावी. मृत्यू 4 ऑक्टोबर 1917. म्हणजे 43 पूर्ण, चव्वेचाळिसाला 26 दिवस कमी. तुमचा हिशेब बरोबर, दगड चूक. 1901 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धासाठी नाव नोंदवताना त्याने जन्मसाल 1876 सांगितलं होतं. त्या हिशेबाने मरताना त्याला 41 वं चालू होतं. घोळ तिथूनच आला असावा.

सुडाची गोष्ट मात्र खरी नाही. वयामुळे त्याला सैन्यभरतीची सक्ती नव्हती, घरी बायको आणि सात वर्षांची मुलगी नोरा होती, तरी मे 1916 मध्ये त्याने स्वतःहून नाव दिलं. धाकटा भाऊ डग्लस फ्रान्समध्ये मारला गेला तो 3 जूनला, म्हणजे नंतर. गॅलाहरला पॅशेंडेलच्या लढाईत, ग्राव्हनस्टाफेलच्या चढावर बॉम्बगोळ्याचा तुकडा हेल्मेट भेदून लागला, आणि त्याच दिवशी जखमींच्या तळावर तो वारला. पुढच्या एप्रिलमध्ये तिसरा भाऊ हेन्‍रीही पडला. हेन्‍रीचा जुळा भाऊ चार्ल्स तुर्कस्तानातल्या गलिपोलीत गंभीर जखमी झाला होता, तो वाचला.