आपण लिहिलेला अहवाल आपणच कसा तपासावा?

तुम्ही विचारले आहे की, प्रकल्प अहवाल तीन-तीनदा वाचूनही छापून आल्यावर त्यात चुका सापडतात, तेव्हा आपले लिखाण आपणच नीट कसे तपासावे आणि त्यासाठी एखादे चांगले अ‍ॅप आहे का. अ‍ॅपचे आधी सांगतो. शब्द चुकला असेल तर अ‍ॅप तो बऱ्याचदा दाखवील, पण शब्द शुद्ध असून जागा चुकीची असेल तर त्याचा उपयोग नाही. माझ्या हातून जी चूक झाली, तिच्यातला प्रत्येक शब्द शुद्ध होता.

वीस-बावीस वर्षांपूर्वी मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका पतसंस्थेत लेखनिक होतो. सभासद बहुतेक यंत्रमागावर टॉवेल आणि चादरी विणणारे, घरात तेलुगू बोलणारे. वार्षिक सर्वसाधारण सभेचा अहवाल मी लिहीत असे. त्या वर्षी संचालक मंडळाने ठरवले की, ज्यांनी कर्जाचा एकही हप्ता चुकवला नाही अशा ४७ सभासदांची नावे अहवालात गौरवाने छापावीत. मी यादी तयार केली आणि वर मथळा लिहिला, ‘थकबाकी असलेले सभासद’. लिहायचे होते ‘नसलेले’.

प्रुफे, म्हणजे छपाईआधी तपासायला येणाऱ्या कच्च्या प्रती, आली तेव्हा मी आळस केला नाही, हे मुद्दाम सांगतो. मूळ प्रत डावीकडे आणि प्रूफ उजवीकडे ठेवून, ओळीखाली पट्टी धरून मी एकेक नाव ताडले. म्याकल, यन्नम, बिराजदार ही आडनावे अक्षर न् अक्षर पाहिली. ‘बोल्ली’मधला एक ‘ल’ दोन ठिकाणी गळला होता, तो घातला. रकमांच्या बेरजा पुन्हा केल्या. मथळाही ताडला. मूळ प्रतीत ‘असलेले’ होते आणि प्रुफातही ‘असलेले’ होते, म्हणून त्यापुढे बरोबरची खूण केली.

अहवाल वाटल्यानंतर तिसऱ्या दिवशी एक वयोवृद्ध विणकर कार्यालयात आले. त्यांच्या जावयाने तो मथळा घरातल्या सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला होता. ते एवढेच म्हणाले, “मी एक हप्ता चुकवला नाही हो साहेब, मग माझं नाव हितं कसं?” आम्ही शुद्धिपत्रक छापले, आणि ते टपालाने न पाठवता मी दोन रविवार फिरून सगळ्या घरी स्वतः नेऊन दिले. या फिरण्यात मला एक गोष्ट दिसली. जवळपास प्रत्येक घरात माणसाने कागद हातात घेतला की आधी स्वतःचे नाव शोधले आणि मग नजर वर नेऊन मथळा वाचला. मी मात्र तो अहवाल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, लिहिणाऱ्याच्या वाटेनेच वाचला होता.

तुमचे तीनदा वाचणे मला म्हणूनच निरुपयोगी वाटते. तिन्ही वेळा वाचणारा माणूस तोच असतो, त्याला काय म्हणायचे होते ते पाठ असते, आणि त्यामुळे डोळे कागदावर असले तरी मन आठवणीतले वाक्य वाचत जाते. तुमचा अहवाल परीक्षक कसा उघडतील याचा विचार करा आणि त्याच क्रमाने वाचा: आधी अनुक्रमणिका आणि तिच्यातले पृष्ठक्रमांक, मग निष्कर्ष, मग तक्ते. तक्त्यात घट दिसते आणि खालच्या वाक्यात ‘वाढ’ लिहिलेले असते, अशी चूक या वाचनात सापडते. मथळे वेगळ्या फेरीत, मजकूर झाकून वाचा. ‘न’, ‘नाही’, ‘नसलेले’, ‘अपात्र’ अशा प्रत्येक नकारापाशी थांबा आणि मथळ्याखालच्या पहिल्या नावाला तो लागू पडतो का, हे विचारा. शेवटच्या ओळीपासून उलटे वाचावे असा सल्ला अनेक जण देतात. त्याने ह्रस्व-दीर्घ सापडेल, अर्थ सापडणार नाही. माझे ‘असलेले’ त्या वाचनातूनही सुखरूप सुटले असते.

शुद्धलेखन हा यातला सोपा भाग आहे. १९६२ साली १४ नियम झाले, १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर पडली, आणि हे १८ नियम मन लावले तर आठवड्याभरात समजतात. ‘सूत’ दीर्घ पण ‘सुताचा’ ह्रस्व, ‘सोलापूर’ दीर्घ पण ‘सोलापुरात’ ह्रस्व, हे एकदा उमगले की हात आपोआप वळतो.

हे सगळे हाताशी वेळ असेल तर. उद्याच सादर करायचे असेल तर फक्त नावे, आकडे आणि मथळे पाहा, आणि बाकीचा मजकूर मोबाइलकडून मोठ्याने वाचून घ्या, कारण तो तुमच्या मनातला शब्द वाचत नाही. घरात ऐकून घेणारे कोणी असेल तर त्याहून उत्तम. खरे तर हे मी आधीच लिहायला हवे होते.

आमचे तेव्हाचे व्यवस्थापक अजूनही भेटले की म्हणतात, “तू मूळ प्रतीशी ताडलं होतंस ना? मग तुझं काम तिथं संपलं. घोळ छापखान्यातल्या पोरानं घातला.” मूळ प्रतीशी ताडल्याने छापखान्याच्या चुका सापडतात, लिहिणाऱ्याच्या नाही, हे त्यांनी आजवर मान्य केलेले नाही, आणि मूळ प्रत मागून कधी पाहिलेलीही नाही. त्या वर्षानंतर संस्थेचे काम त्या छापखान्याकडून काढून घेण्यात आले. ते पान माझ्याकडे आहे, निळ्या शाईत, माझ्याच अक्षरात. अक्षरजुळणी करणाऱ्या त्या मुलाला मी ते नेऊन दाखवले, पण तोवर वर्ष उलटून गेले होते.